बाथरूमचा बल्ब

हार्डवेअरच्या दुकानात रांग काही हलत नव्हती. निवृत्तीला टेकलेल्या हेडक्लार्क काकांना दुसरा उद्योग नव्हता, म्हणून ते पुढच्या दोघी मुलींचं बोलणं कान देऊन ऐकत होते.

"पंधरा दिवस अंधारात आंघोळ केली आपण. आणि म्हणे पदवीधर!"

"तूही पदवीधरच की. वर सुवर्णपदक."

"मला वाटलं, कुणीतरी बदलेल बल्ब."

"कुणीतरी म्हणजे कोण गं? खोलीत आपण दोघीच."

"घरी बल्ब गेला की संध्याकाळपर्यंत नवा लागलेला असायचा. आपोआप."

"आपोआप कसला? बाबा लावायचे."

"हो, पण लावताना कधी दिसले नाहीत ना!"

"काल मी अंधारात फेसवॉशने दात घासले."

"तरीच आज हसू एवढं उजळलंय."

"बोला ताई," दुकानदार म्हणाला.

"एक बल्ब द्या."

"पिनचा की आट्यांचा?"

एकीने दुसरीला कोपराने ढोसलं.

"तुझ्या बाबांना फोन लाव."

"माझे हसतात. तुझ्या बाबांना लाव."

"हॅलो, बाबा? नाही हो, रडत नाहीये. आमची खोली लावून द्यायला आला होतात ना, तेव्हा बाथरूममध्ये बल्ब कुठला लावलात? पिनचा? बरं. नाही, सगळं छान चाललंय."

बल्ब घेऊन दोघी गेल्या. हसू दाबत काका पुढे सरकले.

"तुम्हाला काय, काका?"

"नळाचा वॉशर."

"अर्ध्या इंचाचा की पाऊण?"

मुली लांब गेल्याची खात्री करून काकांनी हळूच फोन कानाला लावला.

"आई, ऐकू येतंय का? अगं, आपला स्वयंपाकघरातला नळ..."