फूटभर पलीकडे

नाही हो ताई, तो कोपऱ्यातला मेपल सोडून बोला – तो विकायचा नाही. मग ठेवलाय कशाला म्हणता? ठेवलाय, असू दे की. तुम्हाला शरदात अंगण लाल दिसायला हवंय ना? मग हे दोदान घ्या. कमरेएवढं झुडूप, नोव्हेंबरात शेंड्यापासून बुडापर्यंत लालभडक, आणि पान नखाएवढं – पडलं तरी तुमच्याच अंगणात पडतं. ते महत्त्वाचं. शेजारचं घर किती लांब? – भिंतीला भिंत? मग मेपलचं नावच काढू नका.

तुम्ही क्योटोच्या नव्हेत, कळलं मला. आमच्या गल्लीत सकाळी ज्यानं त्यानं आपल्या दारापुढचं झाडायचं, आणि शेजाऱ्याच्या हद्दीत फूटभर. तेवढंही नाही झाडलं तर माणूस कोत्या मनाचा, आणि जास्त झाडलं तर – तुमचं तुम्हाला झेपत नाही, असं तोंडावर सांगितल्यासारखं. हा कोपऱ्यातला मेपल आधी माझ्या घराच्या दारात होता, मीच लावलेला. वारा सुटला की अर्धी पानं निशिवाकीबाईंच्या दारात. ब्याऐंशीच्या, एकट्या. रोज झाडायच्या आणि रोज टोमणा – "होरिउचीसान, किती दानशूर हो तुमचं झाड!" हसून बरं का, आमच्यात हसूनच मारतात. तर मागच्या नोव्हेंबरात एक दिवस बाई दिसल्या नाहीत. पानं तशीच. मला काय वाटलं? – रुसल्या. गल्लीला दिसावीत म्हणून मुद्दाम ठेवल्यात. म्हटलं, ठेवा! मी माझं फूटभर झाडलं आणि थांबलो. बाईंच्या पलीकडच्या ओकामुरानं त्याच्या बाजूनं फूटभर. असे नऊ दिवस, ताई. मधे लाल ढीग आणि दोन्हीकडून सरळ रेघ.

मग भाची आली त्यांची, तिनं दार उघडलं. दाराच्या आतच पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडून. हातात झाडू. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन-तीन दिवस तरी जिवंत असाव्यात – नको, पाणी नको मला. पोलिसांनी विचारलं, काही आवाज आला होता का? मी म्हटलं, नाही.

आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी झाडत असताना – आतून ठक, ठक, झाडूच्या दांड्याचा. मला वाटलं, म्हातारी राग काढतेय, मला ऐकवतेय. मग मी मुद्दाम सावकाश झाडलं, गाणं गुणगुणत. आणि ठकठक थांबली ना – तेव्हा मला बरं वाटलं हो. जिंकल्यासारखं वाटलं.

बायकोलाही सांगितलेलं नाही हे. तुम्हाला का सांगत बसलोय कुणास ठाऊक. झाड खणून इथं आणलं – तोडवत नाही, विकवत नाही. आता रोज सकाळी त्यांचं अख्खं दार झाडतो मी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक पान नसतं तिथं, तरी झाडतो. ओकामुरा नुसता बघत उभा राहतो.

दोदान बांधून देऊ का? – नको? असं काय बघताय माझ्याकडे? जा तुम्ही ताई. दुकान बंद झालंय. – आणि ती पानं पायानं सारू नका. राहू देत. मी झाडतो.