भिंतीपलीकडच्या टाकीचा सूड

...आणि वर मलाच विचारतात, “झिमली, डोळे का गं सुजलेत?” का सुजलेत म्हणजे? तुम्हाला सांगते, रोज भरदुपारी जिच्या उशाशी कुणीतरी बुडता बुडता चुळा भरतंय, तिचे डोळे सुजतील नाहीतर काय होईल? उशाशी म्हणजे भिंतीपलीकडे. पलीकडे सान्याल जेठू, म्हणजे आमचे शेजारचे थोरले काका, आणि जेठूंची माशांची टाकी. एवढी मोठी की त्या घरात माणसं उरलेल्या जागेत राहतात! वरचं पाणी एका नळीतून खालच्या टाकीत उतरतं, तिथं गाळलं जातं, मग पंप ते पुन्हा वर चढवतो. चढवू दे, माझं काय जातंय? पण ती उतरायची नळी, तिला ओव्हरफ्लो म्हणतात, ती पाण्याबरोबर हवाही गिळते. गुळुक... गुळुक... आणि एकदम घर्रर्र! गुळुकची सवय होते हो, पण घर्रर्र कधी येईल त्याचा नेम नाही, आणि मी कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी. शिट्टी होणार हे माहीत असून दचकते!

बरं, माझी शाळा सकाळची. अंधारात उठायचं, पहिली ट्राम पकडायची, म्हणजे झोप ती दुपारचीच. ती गेली, आणि मागच्या महिन्यात तिसरीच्या वर्गात मी फळ्याला टेकून उभ्या उभ्या झोपले. मुलं गुणी, कुणी चूं केलं नाही. त्या शांततेचाच संशय येऊन मोठ्या बाई धावत आल्या. पुन्हा असं झालं तर नोकरी कायम होणार नाही, असं त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी अजून थरथरते.

मग जेठूंना जाऊन सांगायचं नाही का? गेले होते की. दार एकदम उघडलं, मी दचकले, आणि तोंडातून निघालं, “मासे फार छान आहेत.” झालं! प्रत्येक माशाचा स्वभाव ऐकून, दोन नारळाचे लाडू खाऊन परत आले. मा म्हणाली, भिंतीवर दोनदा ठोक की. अशानं काय होणार? ठोकणं म्हणजे विनंती. मला सूड हवा होता. मी सोडणार नव्हते, सांगून ठेवते.

त्याच भिंतीला लागून माझी टाकी, आणि त्यांच्याहून मोठा आवाज! रविवारी गेले गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारात, तिथं मासे, टाक्या, पंप सगळं मिळतं. एका दुकानदाराला म्हटलं, “दादा, चांगला आवाज करणारा पंप दाखवा.”

तो म्हणाला, “न करणारा म्हणायचंय का, दिदी?”

“नाही. करणारा.”

त्यानं शेजारच्याला हाक मारली, “गौरांग, इकडे ये रे, दिदींना आवाज हवाय.” मग काय, अख्खी गल्ली गोळा. जो तो आपला पंप माझ्या कानाला लावतोय, “ऐका, काही ऐकू येतंय? नाही ना?” आणि मी आपली मान हलवतेय, नको, नको... शेवटी फळीखालून एक जुना निघाला. लावला मात्र, नारळ खवल्यासारखा असा काही कर्रकर्र कोकलला की मी उडाले, मागच्या बादलीत पाय! हाच द्या, म्हटलं. ओव्हरफ्लोही एका नळीचा, जेठूंसारखाच गुळगुळणारा हवा होता, पण दुकानदार ऐकेना. एक नळी तुंबली तर दुसरी हवी, नाहीतर पाणी तुमच्या पलंगाखाली येईल, म्हणे. घेतल्या दोन.

टाकी बसली. सुरू केली. अहाहा, काय तो कोलाहल! मी कानात कापूस घालून भिंतीकडे बघत बसले, म्हटलं, घ्या आता. मी सोडणार नव्हते, सांगून ठेवते. तेवढ्यात बेल वाजली. कापसातूनही दचकले. दारात जेठू, हातात पाना.

“कुठाय टाकी?” म्हणाले, आणि थेट आत. एका नळीची चावी किंचित पिळली. “ही हवा पितेय, बाळ. हिला पूर्ण भरून वाहू दे, जास्तीचं पाणी दुसरीतून जाईल.” गुळुक बंद! मग पंपाकडे बघून असा चेहरा केला, जणू घरात कुणी आजारी आहे. तसेच उठून गेले आणि स्वतःसाठी आणलेला कोरा, मुका पंप खोक्यासकट घेऊन आले. “तू फार दचकतेस गं. हा ठेव. तुझा जुना मी वापरतो, टाकायचा कशाला?” मी दोनदा नको म्हटलं हो! पण मा मध्ये पडली, मोठ्या मायेनं देतायत, घे.

म्हणजे आता पलीकडे गुळुक, घर्रर्र, आणि वर माझाच, मी पारखून आणलेला, नारळ खवणारा पंप! विचारलं मी, तुमच्या नळीचं का नाही बघत? तर म्हणे त्यांच्या टाकीला भोकच एक, दुसरं पाडायचं तर टाकी रिकामी करावी लागेल, आणि त्यांची म्हातारी मासोळी त्या धसक्यानं जाईल. आता म्हाताऱ्या मासोळीवर कसला सूड उगवणार?

इथवर ठीक होतं. पण गेल्या आठवड्यापासून जेठू रोज दुपारी जेवून आमच्याकडे येतात. “बाळ, आमच्या घरी हल्ली फार आवाज होतो.” मा लगेच माझा पलंग झटकून देते, उशीही माझीच. ते टाकीकडे तोंड करून आडवे होतात, आणि क्षणात गाढ. मी माच्या खोलीत जाते, तर तिथं मा घोरते. म्हणून मी जिन्यात बसून वह्या तपासते, पेंगते, दचकते, पुन्हा तपासते.

काल लाल पेन आत राहिलं. चोरासारखी चवड्यांवर गेले, घेतलं, निघाले, तर दार करकरलं. जेठूंनी एक डोळा उघडला.

“झिमली, दार जरा हळू लाव गं. दचकायला होतं माणसाला.”

लावलं. हळू.