धुळीपलीकडचं हृदय

जय भीम. चिखल्याच्या या विहारात तुम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले आहात, आणि मले समोर उभं केलं आहे. सुखदेवभाऊ बन्सोड जाऊन आज आठ दिवस झाले. कसं बोलू? मी भंडाऱ्याले दवाखान्यात छातीचे स्कॅन काढतो. भाऊंचाही मीच काढला होता. म्हणून बोलणं भाग आहे.

भाऊ तीस वर्षं खाणीत उतरले. आपल्याकडे कुणाले दम लागला, की पहिला प्रश्न एकच: फुफ्फुसात खाणीची धूळ तर नाही बसली? आणि स्कॅनमध्ये धूळ नाही निघाली, की तो माणूस आपल्या पाळीतल्या सगळ्या कामगारांले जिलेबी खाऊ घालतो. आहे ना ही आपली रीत? दोन वर्षांआधी भाऊंनीही घातली. मले पुडा आणून दिला. म्हणाले, "घे बापा, फुफ्फुस साफ आहे मायं. आता काय होते मले!"

मी खाल्ली. गोड लागली.

पण दम वाढतच गेला. चढावावर थांबायचे. एकदा चक्कर येऊन पडले. वहिनी म्हणायच्या, "दवाखान्यात चला ना जी." भाऊ म्हणायचे, "कायले? स्कॅन झाला ना! वय होऊन राहिलं, दुसरं काय."

भाऊ गेल्यावर मी तो स्कॅन पुन्हा उघडला. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांले दाखवला. त्यांनी हृदयाच्या मधोमध बोट ठेवलं. खडूचा चुरा सांडावा तसे पांढरे ठिपके होते. म्हणाले, "हा व्हॉल्व्ह. चुना, म्हणजे कॅल्शियम, साचून कडक झाला होता. रक्त बाहेर पडायला पुरेशी वाटच उरली नसेल."

मंडळी, ते ठिपके मी तेव्हाही पाहिले होते. खरं सांगतो. वयाचे असतील म्हणून सोडून दिले. तपासणीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, धूळ पाहा. आम्ही तेवढीच शोधली. हृदय त्याच चित्रात होतं, समोर होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी पाहिलं नाही. एक शब्द मी डॉक्टरांच्या कानावर घातला असता तर? हा 'तर' मले जन्मभर पुरणार आहे.

हे मी वहिनींले जाऊन सांगितलं. वाटलं, दार लावून घेतील. त्यांनी आत बसवलं. मग म्हणाल्या, "मले सांगतलं तसं सबन लोकायले सांगा. लपवू नका."

म्हणून सांगतो. घरोघरी जुने स्कॅन पडले आहेत, घेऊन या. ठिपका दिसला म्हणजे मोठा आजार आहेच, असं नाही. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको केला की कळते. पण दम लागत असेल, तर 'धूळ नाही' एवढ्या दोन शब्दांवर घरी बसू नका.

भाऊंचा लहान भाऊ गौतम इथे पुढे बसला आहे. तोही खाणीतच आहे. परवा मी त्याचा जुना स्कॅन डॉक्टरसाहेबांले दाखवला. तेच ठिपके. काल इको झाला. व्हॉल्व्ह अरुंद झाला आहे, पण वेळ गेलेली नाही. सोमवारी नागपूरले ऑपरेशनसाठी भरती होणार आहे. मी त्याले विचारलं, सभेत तुझं नाव घेऊ का? म्हणाला, "दादाचं घेशील तं मायंबी घे."

चला, भाऊंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. गौतम, तू बसूनच राहा बापा. तुझ्या वाटचं आम्ही उभे राहतो.