सोकोरोचा दुसरा पट्टा

तळेऱ्याला एसटीच्या रांगेत सांतान आणि त्याची लेक सोकोरो उभी होती. दुसऱ्या दिवशी चर्चचा सण, फेस्त, होता आणि सोकोरोच्या हातात चामड्याचा नवा पट्टा होता.

"पाय, फेस्ताक ह्यो घालतलंस मा?" तिने बापाला विचारलं.

"तुजो पयलो चर्चात भर मिसात सैल झालो. पँट धरून प्रार्थना केलंय मी!"

"तो पोटाच्या चामड्याचो, म्हणान ताणलो. ह्यो पाठीच्या चामड्याचो आसा."

"आणि कडो इतक्यो गुळगुळीत कश्यो?"

"कोकमाच्या तेलाचा मुठेल लावन लाकडान घासलंय."

"आवशीच्या टाचांच्या भेगांचा?"

"ताच. आवस अजून शोधता."

सांतानने कमरेची सुतळी सोडली, पट्टा आवळला आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तो तसूभरही ताणला नाही. मग त्याने शर्ट आत खोचला.

"पाय, फेस्त फाल्यां आसा!"

"फाल्यां पाद्री बघतलो. आज सगळ्या एष्टीक बघांदे, माज्या चेडवान केलो तो."