कढयांचं बटण

कडेवरच्या बाळाला थोपटत ती दुकानात रांगेत उभी होती. पुढचे आजी-आजोबा डिशवॉशर घेत होते.

“जुनं सतरा वर्षं चाललं. तसंच टिकाऊ द्या, पण एकाच बटणाचं.”

“आजी, त्यात फक्त ताटं-वाट्या निघतील. कढयांना दुसरं बटण लागतं.”

“यांना कशाला कढया? हे अजून आधी ताटं घासतात, मग मशीनमध्ये लावतात! सोमवारी माझं ऑपरेशन आहे. मी नसले तरी यांना जमायला हवं.”

“नसले म्हणजे? आठ दिवसांत घरी येशील.”

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना?”

“ऐकलं. दादा, दोन बटणांचंच द्या.”

“अहो, तुम्हाला नाही जमायचं!”

“मला कुठे जमवायचंय? कढयांचं बटण तुझं.”