अठरा सेकंदांचा रस्ता

बाबा : किती सेकंद झाले?

लेक : सत्तावीस.

बाबा : वळायचा वेळ वजा केलास का? पॅसेजच्या टोकाला दोनदा वळावं लागतं. रस्त्यावर कोण वळतंय?

लेक : वजा करूनच सत्तावीस. बसा आता बाबा, धाप लागलीय तुम्हाला.

बाबा : काल अठ्ठावीस होते. म्हणजे प्रगती आहे. या तीन खेपा म्हणजे एकवीस मीटर, बरोबर ना? तुझ्याच टेपने मोजलंय.

लेक : रस्ता तेवढाच आहे. पण सिग्नलवरचा हिरवा माणूस अठरा सेकंदच दिसतो.

बाबा : तेच म्हणतोय मी. नऊ सेकंद वाढवून दे. सगळ्या शहराचे सिग्नल तुझ्या ऑफिसातून चालतात, आणि बापासाठी नऊ सेकंद निघत नाहीत?

लेक : नाही निघत. त्या हमरस्त्यावरच्या चौदा सिग्नलच्या वेळा एकमेकांना बांधल्यात. इथे नऊ सेकंद दिले की गाड्यांची रांग मागे थेट इस्पितळाच्या चौकापर्यंत जाते. ॲम्ब्युलन्स अडकतात. चार दिवस करून बघितलं होतं आम्ही.

बाबा : बरं, मग मी मध्ये दुभाजकावर थांबेन. अर्धा रस्ता आज, अर्धा उद्या.

लेक : थट्टा नको. रुंदीकरणात दुभाजक वीतभर उरलाय. मांजरसुद्धा उभं राहायचं नाही त्याच्यावर.

बाबा : कोणी कापला तो?

लेक : आमच्या खात्याने.

बाबा : खातं म्हणजे कोण?

लेक : नकाशा मीच काढला होता, बाबा. माहीत असून कशाला विचारता? आणि पादचारी पूल दिलाय की.

बाबा : बासष्ट पायऱ्या, आणि लिफ्टला कुलूप. टॅक्सीवाल्याला समोरची इमारत दाखवली तर तो हसतो. पावणेपाच किलोमीटर पुढे जाऊन वळायचं, ते कशासाठी, तर सख्ख्या भावाकडे जायला, ज्याची खिडकी मला इथून दिसते.

लेक : मी नेते ना रविवारी काकांकडे.

बाबा : गेल्या सहा रविवारांत एकदा नेलंस. तक्रार नाही करत, तुझ्या कामाचा व्याप दिसतो मला. पण दादाचे डोळे तुझ्या रविवारसाठी थांबायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, महिना, फार तर दोन. मग काहीच दिसणार नाही.

लेक : फोनवर तर रोज बोलता तुम्ही.

बाबा : फोनवर आम्ही नुसते भांडतो. शेजारी बसलं की गप्प तरी बसता येतं. म्हणून रोज सकाळी दहाला मी त्या सिग्नलपाशी जाऊन उभा राहतो. तो खिडकीत येतो. पांढराच शर्ट घाल म्हणतो, दुसऱ्या रंगात मी त्याला सापडत नाही.

लेक : रोज? मला वाटायचं तुम्ही बागेत जाता.

बाबा : बागेत काय ठेवलंय?

लेक : बाबा, आठवडाभर सांगेन सांगेन म्हणतेय, जीभ रेटत नाही. ते क्रॉसिंग बंद होतंय. परवा कठडा बसवतील.

बाबा : बंद? का?

लेक : तिथून कोणी जातच नाही. तासाला साठ माणसं तरी हवीत. मोजणीत अकरा आली.

बाबा : मोजणी कधी झाली?

लेक : मागच्या महिन्यात, एका मंगळवारी.

बाबा : पिवळ्या जाकिटातला एक माणूस खुर्ची टाकून बसला होता, तो तुमचा?

लेक : हो. तुम्हाला कसं ठाऊक?

बाबा : मी त्याला पाणी नेऊन दिलं. उन्हात बसला होता बिचारा. काठीवाल्या बाई होत्या, दोन मुलं घेतलेली एक बाई होती, ते गुडघ्याचं ऑपरेशन झालेले मास्तर. आम्ही नेहमीचेच. पाच-सहा जण तर मला तोंडओळखीचे आहेत.

लेक : पण रस्ता ओलांडलात तुम्ही?

बाबा : तीनदा पाऊल टाकलं, तीनदा मागे आलो. पाऊण तास उभा होतो. त्याने विचारलंही, आजोबा, जायचंय का? म्हटलं, बघतो.

लेक : मग तुम्ही त्या अकरात नाही.

बाबा : का? मी त्याच्या शेजारीच तर उभा होतो.

लेक : आम्ही ओलांडणारेच मोजतो, बाबा. परत गेलेल्यांचा रकानाच नाही फॉर्ममध्ये.

बाबा : मग पुन्हा मोजायला लाव. या वेळी रकाना घाल.

लेक : कठड्याचा ठेका दिला गेलाय. कालच वरच्या साहेबांकडे गेले होते. ते म्हणाले, मॅडम, मोजणी तुमची, अहवाल तुमचा, खाली सही तुमची. आता तुम्हीच सांगा काय चुकलं. मी तिथेच अहवाल पुन्हा चाळला. चुकलंय कुठे? अकराच गेले ना.

(लेक तोंड फिरवते. बाबा तिच्या हातातलं घड्याळ काढून घेतात.)

बाबा : अगं, रडतेस काय. तू काय मुद्दाम केलंस का?

लेक : सगळं मीच केलंय आणि माझ्याच हातात काही नाही.

बाबा : कठडा उंच किती असणार?

लेक : कमरेइतका.

बाबा : मग शर्ट दिसेल दादाला.