चारशे मीटरचं काडतूस

माझं बारसं काडतुसांच्या पैशातून झालं, असं मी सगळ्यांना सांगते, लोक जरा दचकतात, आणि मला तेच हवं असतं. खडकीला वाढले मी. आमचे वडील, अण्णा, काडतुसांच्या सरकारी कारखान्यात तपासनीस होते, म्हणजे काय, तर पट्ट्यावरून आलेलं काडतूस उचलायचं, मापात घालायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर बाजूला, सकाळी गेल्यापासून भोंगा होईपर्यंत तेच. आणि काय सांगू तुम्हाला, त्या माणसानं जन्मात एक गोळी झाडली नाही. घरात झुरळ निघालं तरी आईला हाक मारायचे. खंडेनवमीला मात्र कारखाना घरच्या माणसांसाठी उघडायचा, यंत्रांना झेंडूच्या माळा, जमिनीवर रांगोळ्या, पेढे, आणि एका ताटात नवीकोरी काडतुसं हळदकुंकू लावून मांडलेली. इतर मुलींना सोन्याचं वेड असतं, मला ते तेव्हापासून पितळेचं.

मग शिकले, मेकॅनिकल केलं, मोजमापाच्या कामात शिरले, श्रीकांतशी लग्न झालं, आणि त्याच्या आयटीमुळे नाही, माझ्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, हे लिहून घ्या, कारण तो सगळीकडे उलटं सांगतो. इथे डचांच्या देशात, आइंडहोवनला, चिपा बनवणारी यंत्रं तयार होतात, त्यांचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते मी बघते. म्हणजे अण्णांचंच काम, फक्त पगार बरा आणि कॉफी फुकट. घर घेतलं न्यूनेनला. इतकं शांत गाव, की मी कुकर लावला तर शिट्टी मोजायला शेजारी खिडकीत येतात.

घरामागे तोनचं मक्याचं शेत. तोन म्हणजे आमचा म्हातारा शेजारी, बायको गेलेली, गुडघे गेलेले, कानही जायच्या वाटेवर, पण शिकारीचा परवाना शाबूत. मक्यात रानडुकरं शिरायची, रात्रीत अर्धं शेत लोळवून जायची, म्हणून सरकारच शिकाऱ्यांना सांगतं की मारा. एकदा मी त्याला आईनं पाठवलेली चकली द्यायला गेले, तर हा शेडमध्ये बसून काडतुसं भरतोय. स्वतः. हातानं. एक लोखंडी दांडा खाली ओढायचा, पितळी नळी पुन्हा नीट आकारात यायची, मग बुडाशी टोपी बसवायची, म्हणजे ती चिमुकली वाटी जिच्यावर पिन आपटली की ठिणगी पडते, मग तोलून पावडर, मग वर गोळी. मी चकलीचा डबा हातात धरून तशीच उभी. अण्णांच्या हातात तयार माल यायचा, तो तयार कसा होतो हे मी पहिल्यांदा बघत होते. मी म्हटलं, तोन, मला शिकव. तो म्हणाला, आधी परवाना काढ, मैस्ये. मैस्ये म्हणजे पोरी. पन्नाशीच्या बाईला पोरी म्हणणारा माणूस मी सोडणार होय?

परवान्याची परीक्षा डचमधून. बदकं ओळखायची, तीसुद्धा उडताना, मागून. श्रीकांत म्हणायचा, अगं तू भाजी मंडईत चाकवत आणि चंदनबटव्यात फसतेस. पण झाले पास. घरात भिंतीला ठोकून तिजोरी बसवली, रायफल एका कप्प्यात कुलपात, काडतुसांचं सामान दुसऱ्या कप्प्यात कुलपात, पोलीस न सांगता येऊन बघून जातात, असा इथला कायदा. आणि मग तोननं मला स्कॉटलंडचं सांगितलं. तिथले उघडे डोंगर, पलीकडच्या उतारावर काळवीटाच्या दुप्पट असं सांबरासारखं हरण, मधे मोकळी दरी, चारशे मीटर. तो तरुणपणी दरवर्षी जायचा. म्हणाला, एकदा तुला घेऊन जातो, माझे उरलेसुरले गुडघे आहेत तोवर. झालं. माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच, चारशे मीटर, मी स्वतः भरलेलं काडतूस, आणि शेजारी तोन. बाकी मला आयुष्यात काही नको होतं, श्रीकांतला विचारा, तो जरा रागावलाच होता.

आता चारशे मीटरला काडतूस निवडायचं म्हणजे काय खेळ वाटला तुम्हाला? अहो, मुलीला स्थळ बघणं परवडलं. एक साडेसहा मिलिमीटरचं, सडपातळ, वाऱ्याला दाद न देणारं, पण जनावर जागेवर पडेल इतका जोर लांबवर उरेल का ही शंका. एक सात मिलिमीटर मॅग्नम, दणकट घराणं, पण खांदा निखळवतं आणि बंदुकीची नळी लवकर खातं. एक जुनं तीनशे आठ नावाचं, सगळ्यांच्या ओळखीचं, स्वभावानं गरीब, पण लांब गेलं की मान टाकतं. गोळीचं वजन, बंदुकीच्या नळीतला गोळी फिरवणारा पीळ, वाऱ्यानं सरकणं, किती खाली पडणं, सगळ्यांच्या पत्रिका मांडल्या मी, रंगीत तक्ते केले. श्रीकांत म्हणाला, माझ्या वेळेला इतकं बघितलं असतंस तर मी नापासच झालो असतो. मी म्हटलं, तुझ्या वेळेला आई बघत होती. तोन म्हणाला, हरण विचारत नाही ग कुठलं काडतूस ते. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. शेवटी साडेसहा पसंत केलं, नवी रायफल घेतली, आणि ऑफिसात करते तसंच करायला घेतलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, थोडी काडतुसं भरायची, रेंजवर झाडायची, मोजायचं, मग पुढची गोष्ट.

आणि कोरोना आला.

वैताग म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. रेंज बंद. इथे लांबची रेंज मिळते कुठे, देश सपाट असला तरी दर शंभर मीटरवर एक कालवा नाहीतर सायकलवरची आजी, म्हणून आम्ही सीमेपलीकडे बेल्जियमला जायचो, तर सीमाच बंद. स्कॉटलंड बंद. आणि टोप्या गायब. जगभरच्या लोकांना एकदम वाटलं की घरात टोप्या हव्यात. इथे सुपरमार्केटात लोक टॉयलेट पेपरसाठी भांडत होते, मी दुकानदाराला दर सोमवारी फोन करून टोप्या आल्या का विचारायची, तो म्हणायचा पुढच्या महिन्यात, आणि पुढच्या महिन्यात फोनच उचलायचा नाही. माझ्याकडे एकच डबी उरलेली. त्या डबीतल्या सगळ्या टोप्या मी नळ्यांमध्ये बसवून ठेवल्या, रेंज उघडली की लगेच पावडर भरता यावी म्हणून, लाकडी ठोकळ्यावर ओळीनं उभ्या, तोंडं वर.

आणि खंडेनवमी आली.

अहो, त्या दिवशी पुण्यातल्या बायका स्क्रू ड्रायव्हरची पूजा करतात, लॅपटॉपला कुंकू लावतात, आणि माझ्याकडे खरंखुरं शस्त्र असताना मी ते कुलपात ठेवू? पाट मांडला, त्यावर रायफल, तिचा बोल्ट काढून शेजारी, म्हणजे गोळी सुटणारच नाही, त्यालाही वेगळं कुंकू, मी कायद्यानं चालणारी बाई आहे, मग माझा व्हर्नियर, आणि ठोकळ्यावरच्या त्या नळ्या, अगदी अण्णांच्या कारखान्यातल्यासारख्या. झेंडूची माळ. फोनवर पुण्याहून आई. आई म्हणाली, श्रीकांत, तू जावई, तू फुलानं पाणी शिंपड. आणि हा आमचा सज्जन माणूस, एरवी झाडाला पाणी घाल म्हटलं तर ऐकत नाही, सासूनं सांगितलं म्हणून त्यानं फूल तांब्यात बुडवून असं शिंपडलं, असं शिंपडलं, जसं काही लग्नात गुलाबपाणी. मी ओरडणार तेवढ्यात बेल वाजली.

दारात पोलीस. उंच, मास्क लावलेला, दीड मीटर मागे सरकून उभा. तिजोरी बघायचीये. नेलं वर. तिजोरी सताड उघडी आणि रिकामी. तो म्हणाला, बाई, रायफल कुठे आहे? मी म्हटलं, खाली, देवाजवळ. खाली आलो. तो त्या पाटासमोर उभा राहिला, माळ बघतो, उदबत्ती बघतो, फोनमधून आई त्याच्याकडे बघते. शेवटी हळूच विचारलं, कुणी वारलंय का? मी म्हटलं, नाही हो, वाढदिवस समजा. आई विचारते, कोण ग ते, प्रसाद दे त्यांना. श्रीकांत शिऱ्याची वाटी घेऊन पुढे, तो मागे, हा पुढे, तो मागे, दोघं कोचाभोवती. तो माणूस चांगला होता. पण रायफल आणि टोप्या बसवलेल्या नळ्या एकाच पाटावर, उघड्यावर, हे चालत नाही म्हणाला, आणि ताकीद लिहून दिली. पुन्हा दिसलं तर परवाना जाईल.

तो गेल्यावर मी खाली वाकून बघितलं. नळ्यांमध्ये पाणी. कुठल्या ओल्या, कुठल्या कोरड्या, कोण सांगणार? टोपी चांगली आहे का हे तपासायचा मार्ग एकच, ती उडवायची, आणि उडवली की ती संपली. आयुष्यभर मोजमाप करणारी बाई मी, आणि माझ्यापुढे अशी वस्तू की जी मोजताच येत नाही. चारशे मीटरवर जनावर उभं आहे आणि टोपी दमट निघाली, ठिणगी उशिरा पडली, गोळी पोटात लागली, ते हरण रात्रभर तडफडलं, तर? नाही. सगळ्या बाद केल्या. श्रीकांतशी मी दसऱ्याला बोलले नाही. सोनं दिलं त्यानं, ते घेतलं, पण बोलले नाही.

नव्या टोप्या मिळायला हिवाळा उजाडला, आणि मिळाल्या त्या दुसऱ्याच कंपनीच्या. म्हणजे माझे आधीचे सगळे आकडे वाया. टोपी बदलली की वेग बदलतो, वेग बदलला की सगळंच. पुन्हा पहिल्यापासून. शनिवारी दुपारी तोनच्या शेडमध्ये जायचं, त्याचा दांडा, माझा तराजू, रात्रीची संचारबंदी लागायच्या आत घरी पळायचं. तो कॉफी करायचा, मी वैतागायची, तो जुन्या शिकारींचं सांगायचा, मी म्हणायची तोन, गप्प बस, माझं वजन चुकतंय. असा तो हिवाळा गेला, मग पुढचा उन्हाळा, मग पुन्हा लॉकडाऊन, पुन्हा शनिवार. मधे रेंज उघडली की पळायचं, बंद झाली की परत यायचं. शेवटी गाडी रुळावर आली. चारशे मीटरवर माझ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत पडायला लागल्या. स्कॉटलंड उघडलं. मी फोन केला.

तिथल्या डोंगरावरच्या वाटाड्याला मी दहा मिनिटं सगळं सांगितलं, काडतूस कुठलं, गोळी कुठली, वेग किती, वारा किती. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बाई, आमच्याकडे पाहुण्यांना आम्ही दीडशे मीटरच्या आत नेतो, चिखलातून सरपटत. त्याच्या पलीकडून झाडू देत नाही. जखमी जनावर शोधायला मग मलाच जावं लागतं. मी म्हटलं, हा नियम नवीन का? तो म्हणाला, माझ्या आजोबांपासूनचा आहे.

दोन वर्षं मी जगातली प्रत्येक गोष्ट तपासली होती. हे एक विचारलं नव्हतं.

तशीच शेडमध्ये गेले. तोन नळ्या पुसत बसलेला. मी म्हटलं, दीडशे मीटर. त्यानं मान वर केली नाही. मी म्हटलं, तुला माहीत होतं. म्हणाला, हो. मग सांगितलं का नाहीस? तर हातातली नळी खाली ठेवून तो म्हणाला, मैस्ये, आधी तुझा हुरूप मोडवेना, आणि मग घरी दिवसाला एकच पाहुणा यायची परवानगी उरली. माझ्याकडे तू यायचीस. दुसरं कोणी येणारच नव्हतं. दीडशे मीटरला कुठलंही काडतूस चालतं, तुला सांगितलं असतं तर तू एका शनिवारात काम संपवून गेली असतीस.

तुम्हाला वाटेल माझे डोळे भरून आले असतील. छे. मी त्याला पाच मिनिटं मराठीत शिव्या घातल्या, खडकीच्या, अण्णांना माहीत नसतील अशा. त्याला शब्द एक कळला नाही आणि अर्थ सगळा कळला. मग मी दोन शनिवार गेले नाही. श्रीकांत म्हणाला, त्याच्या शेडमध्ये दिवा असतो ग दुपारीपण. मी म्हटलं, असू दे. तिसऱ्या शनिवारी गेले. काय करणार, दांडा त्याच्याकडे आहे.

या शरदात जायचंय. तोन डोंगराच्या पायथ्याशी गाडीत बसणार, गुडघ्यांनी चढायला नाही म्हटलंय. मी एकटी सरपटणार, चिखलातून, चारशे मीटरचं काडतूस घेऊन, दीडशे मीटरपर्यंत. शेजारच्या घरी चहाला विमानानं जावं तसं. राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला सांगू, प्रत्येक काडतूस भरताना एकदा येतोच. तो कॉफी पुढे करतो आणि मी घेते, एवढंच.

हे लिहिताय ना? मग शेवटी एवढं घाला. कुणी काही मोठं करायला निघालं असेल, तर आधी एक साधा फोन करा, बाबांनो. सुखी राहाल. आणि फोन करायचं विसरलातच, तर निदान शेजारी असा लबाड म्हातारा मिळो तुम्हाला.